एरर कॉईन समजून खराब झालेलं नाणं घेऊ नका, या चुका टाळा

एरर कॉईन म्हणजे टांकसाळीतच चूक होऊन तयार झालेलं नाणं. पण नाणं जरा वेगळं दिसलं की लगेच एरर एरर म्हणून नाचायचं, ही सगळ्यात कॉमन चूक. त्याआधी स्वतःला विचारा की हे टांकसाळीत नेमकं कधी झालं असेल. तिथे आधी पत्र्यातून कोरी चकती कापतात, मग तिची कड उचलतात आणि मग कॉलरमध्ये (चकतीभोवतीचं कडं) बसवून दोन डायच्या (चित्र कोरलेले ठसे) मध्ये ठोका पडतो. यातल्या कुठल्याच पायरीवर तसं होणं शक्य नसेल तर ते नुकसान बाहेर आल्यावर झालंय, दिसायला कितीही भारी असो.

रेघ दिसली तर ती वर आलीय की आत गेलीय ते बघा. डायला तडा गेला की ठोका पडताना धातू त्या तड्यात शिरतो, म्हणून नाण्यावर रेघ उठून दिसते. ओरखडा आत जातो आणि बाजूला धातू सरकून कड तयार होते. पण आत गेलेलं सगळंच डॅमेज नसतं हां, ठोक्याच्या वेळी मध्ये तार किंवा धागा अडकला तरी खोलगट खूण पडते, फक्त तिथे सरकलेला धातू दिसत नाही. १० पटीचं भिंग घ्या आणि नाणं तिरक्या उजेडात फिरवा.

डबलिंगमध्ये, म्हणजे अक्षरं दुहेरी दिसतात तिथे, तर भलेभले फसतात. खऱ्या डबल डायमध्ये डायवरच चित्र दोनदा उमटलेलं असतं, त्यामुळे दोन्ही अक्षरं गोलसर, उठावदार आणि टोकाशी दुभंगलेली दिसतात, अमेरिकेचा १९५५ चा लिंकन सेंट त्यासाठीच प्रसिद्ध आहे. डाय सैल असेल तर ती ठोक्यानंतर सरकते आणि अक्षराची बाजू चेपून सपाट पायरी होते, अक्षर उलट बारीक होतं. हे मशीन डबलिंग, टांकसाळीतच होतं पण संग्राहक त्याला किंमत देत नाहीत.

कडेचा तुकडा गेलेला असेल तर बरोबर समोरची कड बघा. चकतीच आधी तशी कापली गेली असेल तर कड उचलताना समोरच्या बाजूला पुरेसा दाब मिळत नाही, म्हणून तिथली कड बऱ्याचदा पुसट असते. नंतर कोणी कापलं तर समोर सगळं ठणठणीत.

उलटी, आत गेलेली अक्षरं दिसली तरी लगेच एरर समजू नका, दोन नाणी शिकंज्यात दाबूनही तसं करतात, मग मूळ चित्र तिथे चेपलेलं दिसतं.

वजन करायचा कंटाळा करू नका, ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवाच. १९४३ चा अमेरिकन सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या स्टीलचा, वजन साधारण २.७ ग्रॅम, आणि चुकून तांब्याच्या चकतीवर पडलेला ३.११ च्या आसपास, म्हणून तांबडा दिसतोय पण चुंबकाला चिकटतोय तर वरून तांबं चढवलंय. आणि चिकटला नाही तरी तारीख भिंगाखाली बघाच, कारण १९४८ मधला ८ घासून त्याचा ३ करणारे आहेत.