वायफाय बंद, सगळं घर केबलवर

वाड्याच्या भिंती जाड, आतल्या खोलीत वायफाय पोचायचंच नाही. शेवटी राउटरपासून प्रत्येक खोलीत कॅट-६ केबल (आत आठ तारा असलेली नेटवर्कची केबल) ओढली, मध्ये गिगाबिट स्विच, म्हणजे एका केबलवरून अनेक केबलींना १००० एमबीपीएसपर्यंत वेग देणारा डबा, बसवला. केबल अस्सल तांब्याचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त पडते, पण वाकवताना तुटते.

एका खोलीत मात्र वेग १०० एमबीपीएसच्या पुढे सरकेना. हे लक्षण ध्यानात ठेवा: १०० ला चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. केबल टेस्टरवर प्रत्येक तारेचा एक दिवा असतो, त्यातला सातवा लागत नव्हता. केबलच्या टोकाचा कनेक्टर उजेडात धरला, तर पांढरी-तपकिरी तार टोकापर्यंत गेलीच नव्हती. तो कापला, नवा लावला, आठही तारा टेकल्याची खात्री करून मगच क्रिंप केला, म्हणजे पकडीने दाबून पक्का केला. लगेच १०००!

मग राउटरचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे वायफायचे दोन्ही बँड बंद केले. टाइप-सीचा लॅन ॲडाप्टर लावून मोबाइलही केबलवर छान चालतो.