जुन्या ट्रकचं इंजिन बदलायचं की बांधायचं (खोलून दुरुस्त करायचं)? माझा अनुभव

सकाळी स्टार्टिंगला त्रास, आयडलला थरथर, चढावर दम नाही. नोझल (डिझेल फवारणारे) साफ केले, टॅपेट (वॉल्व्हची फट) सेट केले, फरक शून्य. मेकॅनिक म्हणे इंजिनच बदला, डोकंच फिरलं.

मग इंजिन गरम करून सगळे नोझल काढून कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवेचा दाब किती होतो ते) मोजलं, तीन सिलिंडर 26-27 बार, चौथा 17. चौथ्याचा पिस्टन टॉपला आणला, दोन्ही वॉल्व्ह बंद, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला (नाहीतर इंजिन फिरतं), आणि नोझलच्या भोकातून हवा सोडली. ऑइलच्या झाकणातून हवा आली तर रिंग-लायनर (पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत) खराब, रेडिएटरमध्ये बुडबुडे तर हेडखालची गॅस्केट, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह. माझ्याकडे सायलेन्सरमधून फुस्स!

हेड (इंजिनचा वॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवलं तर एक्झॉस्ट वॉल्व्हची कड जळलेली. नवीन वॉल्व्ह, सीट कटिंग (वॉल्व्ह बसतो ती जागा कापून नीट करणं), लॅपिंग (वॉल्व्ह घासून घट्ट बसवणं), नवीन गॅस्केट, हेडचे बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या दिशेने टप्प्याटप्प्यात टाईट. परत मोजलं, चौथाही 26. पिस्टनला हातच लावला नाही.