आश्विनातलं वाळवण: वैशाखाची रीत वापरून होणाऱ्या चुका टाळा

खानदेशात वाळवण म्हटलं की आठवतो तो चैत्र-वैशाख. बिबडे, पापड, कुरडया, चाळिशीपार गेलेला पारा आणि रात्रीही कोरडी हवा. खाट रात्रभर धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, राहिली तरी सकाळी काही बिघडलेलं नसतं. दसऱ्याच्या सुमारास परसातली मिरची, गवार, भेंडी याच सवयीने वाळत घातली की फसगत होते. ऑक्टोबरचं ऊन अंग भाजून काढतं, पण जमिनीत पावसाची ओल मुरलेली असते आणि पहाटे दव पडतं. दिवसा उडालेलं पाणी रात्री परत येतं. सालीला हात लावला तर कोरडं लागतं, आत मात्र ओल राहते. डबा भरल्यावर पंधरा दिवसांनी बुरशी दिसते आणि दोष डब्याला लागतो.

मांडणीतच चुकतं

या दिवसांत कामाचं ऊन दहा ते चार एवढंच. आठ वाजता पसरलं तर खालची फरशी अजून दवाने गार असते. सहापर्यंत ठेवलं तर हवा पुन्हा दमट व्हायला लागते. साडेचारच्या आत, माल कोमट असतानाच घरात घ्या, परातीत पसरा आणि वर सुती कापड टाका. झाकणाच्या डब्यात कोंबलं तर तो रात्रभर स्वतःच्याच वाफेत भिजतो.

गच्चीवर ताडपत्री टाकून त्यावर पसरणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. प्लास्टिकच्या पोटाखाली घाम सुटतो, खालची बाजू उकडते आणि चिकटते. विणलेली खाट आणि त्यावर जुनं धोतर किंवा लुगडं, यापेक्षा चांगलं साधन विकत मिळत नाही, कारण हवा खालूनही खेळते. थर एकच ठेवा. माश्यांसाठी मच्छरदाणीचा तुकडा पुरतो.

सुट्टीच्या दिवशीच वेळ मिळत असेल तर तोडणी शुक्रवारी संध्याकाळी करा आणि शनिवारी दहाला माल उन्हात जाऊ द्या. रविवारी दुपारी चिरायला बसलात तर सोमवारी संध्याकाळी माल उचलायला घरी कोण आहे, हे आधी ठरवा. परतीच्या पावसाचं सावट असेल तर तो आठवडा सोडून द्या. शेंगा झाडावर दोन दिवस जास्त राहिल्या तर फार बिघडत नाही, अर्धवट सुकलेल्या भिजल्या तर मात्र हाती काही लागत नाही.

गवार आणि भेंडी

गवार कच्चीच वाळवली तर ती गवताच्या रंगाची होते, वास उग्र येतो आणि उन्हाळ्यात कितीही शिजवा, दोरा राहतोच. शेंगेतली विकरं, म्हणजे पिकवण्या-कुजवण्याचं काम करणारी द्रव्यं, सुकतानाही चालू असतात. ती उकळत्या पाण्याने थांबतात. दोन लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ घालून खळखळ उकळी आणा. एका वेळी पाव किलोच शेंगा सोडा. एकदम किलोभर टाकल्या तर उकळी बसते आणि शेंगा नुसत्या कोमट पाण्यात भिजतात. दोन ते तीन मिनिटांनी काढून गार पाण्यात टाका, निथळून कापडावर पसरा. पाच मिनिटांवर गेलात तर शेंग लिबलिबीत होते आणि कापडाला चिकटते. जून शेंगा आधीच बाजूला काढा, त्यांचं काही केलं तरी भलं होत नाही.

भेंडीला हे उकळणं चालत नाही, बुळबुळीत चिकाची खीर होते. ती धुऊन, अगदी कोरडी पुसून बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या चकत्या करा.

वाळली की नाही हे कसं कळायचं? गार झालेली शेंग वाकवली तर कट्कन तुटली पाहिजे. उन्हातून काढलेली गरम शेंग मऊच लागते, तिच्यावरून ठरवू नका. मग काचेची बरणी दोन-तृतीयांश भरा, झाकण लावा आणि आठवडाभर रोज एकदा हलवून बघा. काचेला आतून बाष्प दिसलं किंवा चकत्या एकमेकींना चिकटल्या तर पुन्हा उन्हात. ही एक पायरी बहुतेक जण गाळतात.

गिलकी मात्र वाळवत बसू नका, पाणीच फार. जून झालेलं गिलकं वेलीवरच सुकू द्या. साल निघाली की घासणी मिळते, आणि आतलं बी पुढच्या पावसाळ्याला.

मिरची

नंदुरबारच्या बाजारात लाल मिरचीचा हंगाम सुरू झाला की पथाऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागांवर, लाल गालिचे दिसतात. तिथे उलथापालथ करायला माणसं दिवसभर असतात, आपल्या गच्चीवर नसतात, म्हणून घरी जास्त सांभाळावं लागतं. पाच किलो ओली मिरची सुकून साधारण सव्वा किलो भरते, त्या हिशेबाने तोडा.

अर्धी हिरवी, अर्धी लाल मिरची थेट उन्हात टाकली तर हिरवा भाग पांढरट पडतो. व्यापारी तिला फटकी म्हणतात, रंग नाही आणि भावही नाही. अशी मिरची घरात सावलीला दोन दिवस पसरून ठेवा, रंग एकसारखा चढतो. देठ मात्र सुकण्याआधी खुडू नका. खुडल्या जागी तोंड उघडं पडतं आणि बुरशी तिथूनच आत शिरते. आठ ते बारा दिवस लागतात. मिरची हलवली की बी खुळखुळलं पाहिजे.

वरून लालभडक दिसणारी मिरचीही आतून काळी-करडी असू शकते. दळायला देण्याआधी ढिगातल्या वेगवेगळ्या जागच्या आठ-दहा मिरच्या फोडून बघा. आत बुरशीची जाळी दिसली तर त्या ढिगातली एकेक मिरची फोडून तपासा, निम्म्या तशाच निघाल्या तर सगळा ढीग फेका. ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडू शकते, आणि ते भाजल्याने किंवा तळल्याने भरवशाने जात नाही.

तेलात बुडवलेला ठेचा

हिरव्या मिरचीचा आणि लसणाचा ठेचा करायचा, वर बोटभर तेल ओतायचं आणि बरणी ओट्यावर ठेवायची, ही सवय धोक्याची. तेलाने बुरशी अडते हे खरं. पण तेल हवाही अडवतं, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जंतू नेमका हवा नसलेल्या, आंबट नसलेल्या ओल्या जागी वाढतो. लसणाबरोबर मातीतून तो येऊ शकतो. त्याच्या विषाला वास नाही, चव नाही. ठेचा फ्रिजमध्ये चार दिवस, त्यापुढचा छोट्या डब्यांत फ्रीझरमध्ये. टिकाऊच हवा असेल तर ठेचा नको, लिंबाच्या रसातलं मिरचीचं लोणचं घाला.

लिंबाचं लोणचं

एक किलो लिंबांना दोनशे ते अडीचशे ग्रॅम मीठ, चमच्याने नाही, वजनाने. रक्तदाबाची काळजी म्हणून मीठ निम्मं करणारे बरेच आहेत. त्यांचं लोणचं मऊ पडतं आणि वर पांढरा थर धरतो. मीठ बरणीत पूर्ण घाला आणि ताटात फोड अर्धी वाढा. बिया राहिल्या तर कडवटपणा येतो. फोडी पहिल्या आठवड्यात रसात बुडलेल्या हव्यात, रस कमी पडला तर आणखी दोन लिंबं पिळा.

उडीद, मूग, चवळी

कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीसाठी उडीद जपून ठेवला, झाकण घट्ट होतं, तरी भुंगे निघाले. ते बाहेरून आले नाहीत. भुंगा शेतातच शेंगांवर आणि दाण्यांवर अंडी घालतो, अळी दाण्यात शिरते आणि डब्यात बाहेर पडते. दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, पण गरम दाणे लगेच डब्यात भरू नका, झाकणाखाली पाणी सुटतं. रात्रभर घरात गार होऊ द्या. कडुलिंबाचा ताजा पाला घालणं म्हणजे आपल्या हाताने ओल घालणं, पाला सावलीत खडखडीत वाळलेला हवा. खायच्या कडधान्याला किलोमागे एक चहाचा चमचा गोडतेल चोळलं तर अंडी टिकत नाहीत. पेरायचं बी कोरड्या राखेत ठेवा. दोन-चार किलोचाच प्रश्न असेल तर पिशवीची हवा काढून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवीचा गारवा पुरता जाईपर्यंत ती उघडू नका, नाहीतर गार दाण्यांवरच दव बसेल.