हिरड्यांतून रक्त येतंय? मग तिथेच ब्रश फिरवा

ब्रश करताना थुंकीत लाली दिसली की बरेच जण त्या बाजूला ब्रश लावायचंच सोडून देतात. नेमकं उलटं करायला हवं. दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या कडेवर जिवाणूंचा चिकट थर साचतो, त्याने हिरडी सुजते आणि रक्त येतं. जागा सोडली तर थर वाढतच जातो. लाळेतल्या क्षारांनी काही दिवसांत त्याचं टणक कीटण बनतं. ते मग घरी निघत नाही; मीठ किंवा लिंबू घासून तर मुळीच नाही, त्याने दातांची झीज तेवढी होते.

ब्रश सॉफ्टच घ्या. केस दातांवर आडवे न ठेवता ४५ अंशांत हिरडीच्या कडेकडे वळवा आणि दोन-दोन दातांवर जागच्या जागी हलकेच थरथरवा, मग दाताच्या टोकाकडे झाडून घ्या. आतली बाजू, विशेषतः खालच्या पुढच्या दातांमागची, हमखास राहते आणि कीटण सर्वांत जास्त तिथेच साठतं. पूर्ण तोंडाला दोन मिनिटं लागतात. सकाळी लोकल गाठायची घाई असेल तर निदान रात्रीची दोन मिनिटं चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी होते. दर तीन महिन्यांनी ब्रश बदला. केस त्याआधीच फाकत असतील तर तुम्ही जोर जास्त लावताय.

दातांच्या फटीत ब्रश पोहोचत नाही. दात चिकटून असतील तर सुमारे ४५ सेंटीमीटर फ्लॉस (फटी साफ करायचा बारीक दोरा) घ्या, दाताला इंग्रजी सी अक्षरासारखा वळसा देऊन हिरडीच्या किंचित खाली नेऊन वर घासा. करवतीसारखा ओढलात तर हिरडी कापली जाते. फटी मोठ्या असतील तर फटीत जाणारा छोटा इंटरडेंटल ब्रश अधिक चांगला. पहिले काही दिवस रक्त येईल. दोन आठवडे नीट सफाई करूनही थांबलं नाही तर दंतवैद्याकडे जा.

मिश्री लावणाऱ्या, तंबाखू किंवा मावा खाणाऱ्या घरातल्या माणसांकडे मात्र जास्त लक्ष द्या. सिगारेट-विडी ओढणाऱ्यांत रक्त कमी दिसतं, आजार आतून वाढत राहतो. मधुमेह आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात, म्हणून साखर आटोक्यात ठेवणं हाही उपचारच. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिन या गोळीने काहींच्या हिरड्या फुगतात.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचं माउथवॉश डॉक्टरांनी सांगितलं तरच, सांगतील तितकेच दिवस घ्या. जास्त दिवस वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात.

‘क्लिनिंग (दंतवैद्याकडून कीटण काढणं) केल्याने दात हलतात’ ही भीती मनातून काढून टाका. दात हलतात ते आधीच हाड झिजल्यामुळे. कीटणाने ते हलणं झाकलेलं असतं. क्लिनिंगनंतर फटी दिसतात, थोडे दिवस थंड लागतं. हिरडी आणि दातामधली खोली ३ मिलिमीटरपर्यंत ठीक असते. ४ किंवा अधिक असेल तर मुळांपर्यंत खोल सफाई लागू शकते, तेव्हा हा आकडा विचारून घ्या.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ हाताशी ठेवून जा. चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधीच सांगा, स्वतःहून बंद करू नका.