पार्टनरनं उडी मारून गेमला बोलावलं, आता ओपनरनं काय म्हणायचं?

ब्रिजमध्ये तुम्ही १ बदाम उघडलं (पहिली बोली तुमची, म्हणजे ओपनर तुम्हीच), पार्टनर थेट ३ बदाम, विरोधक दोघंही चूप. गेम म्हणजे बोनस मिळवून देणारी बोली, बदामात ४, नो ट्रम्पमध्ये ३, चौकटीत ५. आता तिघंही तुमच्याकडे पाहून राहिले. आमच्या धरमपेठेतल्या टेबलावर सगळ्यात जास्त भांडणं इथंच होतात बाप्पा, कारण मेंढीकोट खेळून ब्रिजकडे आलेली मंडळी पत्ते मस्त खेळतात पण बोलीत "तेरा पॉइंट आहेत नं, मग चला ४" असं करतात (पॉइंट म्हणजे एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १).

आधी हे बघा की उडी खरंच आमंत्रणाची आहे का. बर्गन नावाची बोलीपद्धत खेळत असाल तर १ बदामवर ३ बदाम म्हणजे कमजोर हात आणि चार बदाम, नुसता अडथळा. तिथं आमंत्रण ३ चौकटनं येतं. विरोधकानं मध्ये डबल दिलं असेल तरी ३ बदाम आजकाल बहुतेक जण अडवायलाच म्हणतात. १ बदामवर २ नो ट्रम्प (नो ट्रम्प म्हणजे हुकमाशिवाय खेळ) बऱ्याच जणांचा जॅकोबी नावाचा ठरलेला संकेत असतो, म्हणजे गेम फोर्सिंग, गेमच्या आधी थांबायचं नाही, त्याला आमंत्रण समजून पास करू नका. आणि बीबीओवर (ऑनलाइन ब्रिजची साइट) अनोळखी माणसासोबत "एसएवायसी" ही ठरीव अमेरिकन बोलीपद्धत ठरवून बसलात तर १ चौकटवरचा २ नो ट्रम्प १३ ते १५ चा असतो, तिथं पास टाकला तर पार्टनर चॅटमध्ये जे लिहितो ते घरात मोठ्यानं वाचता येत नाही.

धरून चालू की आमंत्रणच आहे. १ बदाम - ३ बदाम म्हणजे पार्टनरकडे साधारण १० ते १२ पॉइंट आणि बदामाचे चार पत्ते. त्यानं आपलं सगळं सांगून टाकलं, आता निर्णय तुमचा एकट्याचा. इथं "थोडं विचारून बघतो" असं काही उरतच नाही, जागाच नाही शिल्लक. पास किंवा ४ बदाम, शंभरातल्या नव्वद वेळा एवढंच.

आता हे दोन हात बघा, दोन्हीत बरोबर १३ पॉइंट.

पहिला: इस्पिक राणी-गुलाम-३, बदाम राजा-गुलाम-७-५-२, चौकट राणी-गुलाम, किलवर राजा-८-४.

दुसरा: इस्पिक ४, बदाम एक्का-राणी-१०-८-५, चौकट एक्का-राजा-७-३, किलवर ८-६-२.

पहिल्यावर पास करा, डोळे मिटून. एकही एक्का नाही, आणि चौकटीत राणी-गुलाम दोनच पत्ते, त्या तीन पॉइंटांना मी तर दीड पण देत नाही. दुसऱ्यावर ४ बदाम, तेही झटक्यात. पटत नसेल तर लूजर मोजा: प्रत्येक रंगात पहिल्या तीन पत्त्यांपर्यंतच बघायचं आणि एक्का, राजा, राणी यातलं जे नाही तो एक लूजर, सिंगलटनमध्ये (रंगाचा एकच पत्ता) जास्तीत जास्त एक, डबलटनमध्ये (दोनच पत्ते) दोन. पहिल्या हातात २-२-२-२ मिळून ८ झाले. दुसऱ्यात इस्पिकचा १, बदामाचा १, चौकटीचा १ आणि किलवरचे ३, म्हणजे ६. आमंत्रण देणाऱ्याचे साधारण ८ धरतात. दोघांचे मिळवून २४ मधून वजा केले की किती हात (ट्रिक) होतील त्याचा अंदाज येतो, पहिल्यात ८, दुसऱ्यात १०. हा अंदाजच आहे, पण रंगाची जोडी जमली असेल तेव्हा नुसत्या पॉइंटपेक्षा बरा चालतो. ७ लूजर आले की मग खरी ओढाताण, तेव्हा एक्के किती आणि दश्श्या-नव्व्या कुठं आहेत ते बघायचं. मेंढीकोटवाल्यांना दश्शीची किंमत वेगळी सांगायला नको, इथं तिला पॉइंट नाही एवढंच, गुलामासोबत बसली की काम करते.

उरलेल्या दहा वेळांत काय? हात सपाट असेल, ५-३-३-२ आणि सगळीकडे थोडं थोडं, तर ३ नो ट्रम्प म्हणून पार्टनरला निवड देता येते, पण ते आधी ठरलेलं हवं. आणि १८ च्या वर असाल किंवा आकार भन्नाट असेल तर ३ इस्पिक, ४ किलवर, ४ चौकट हे कंट्रोल (त्या रंगातला एक्का-राजा किंवा तुटवडा) दाखवायला, स्लॅमकडे (बारा-तेरा हातांची बोली) बघत. १५ वर असले उद्योग नका करू, गपचूप ४ बदाम टाका, विरोधकाला माहिती फुकट कशाला द्यायची?

आता १ चौकट - २ नो ट्रम्प, ११-१२ वाला. पार्टनर सपाट आहे, चार पत्त्यांचा मेजर (इस्पिक किंवा बदाम) नाही. सपाट १२ वर पास, १४ वर ३ नो ट्रम्प, १३ वर पाच पत्त्यांची चौकट किंवा दोन दश्श्या असतील तर चला. गडबड होते ती वाकड्यातिकड्या हातावर. इस्पिक ५, बदाम एक्का-राणी-९-४, चौकट एक्का-राजा-१०-७-३, किलवर राजा-८-२ असा हात आला तर १६ पॉइंट बघून ३ नो ट्रम्प मारू नका, ३ बदाम म्हणा. पार्टनरनं चार बदाम नाकारलेलेच आहेत, मग हे फिट (दोघांचा जुळणारा रंग) शोधायला नाहीच, हे सांगायला की माझी ताकद इथं आहे, इस्पिकचं तू बघ. त्याच्याकडे इस्पिक राजा-गुलाम-१० असेल तर तो स्वतःच ३ नो ट्रम्प म्हणेल, गुलाम-६-२ असेल तर बदामाचे तीन पत्ते असल्यास ४ बदाम किंवा मग ५ चौकट. फक्त ५ चौकटला दोघांचे मिळून २९ च्या आसपास लागतात, ३ नो ट्रम्पला २५-२६ पुरतात, म्हणून मायनरकडे (चौकट-किलवर) पळायची घाई नको. आणि कमजोर, लांब चौकटवाल्या हातावर ३ चौकट म्हणजे "इथंच थांब" असं आम्ही ठरवलंय, बाकी तीनच्या पातळीवरचं सगळं फोर्सिंग, म्हणजे पार्टनरनं पास करायचा नाही. तुम्ही ३ किलवरचं मात्र नक्की बोलून घ्या, त्यावर प्रत्येकाचं मत वेगळं असते.

१ नो ट्रम्प - २ नो ट्रम्पमध्ये फार काही नाही. १५ पास, १७ ला ३ नो ट्रम्प, १६ ला पाच पत्त्यांचा रंग असेल तर जा.

१ चौकट - ३ किलवर आमंत्रणाचं खेळत असाल, म्हणजे सहा किलवर आणि ९ ते ११, तर पॉइंट विसरा आणि किलवरकडे बघा. एक्का-दुर्री असेल आणि बाकी रंग अडवलेले असतील तर १४ वर पण ३ नो ट्रम्प, कारण पार्टनरच्या राजा-राणी-१० वाल्या लांब रंगात हातच हात. किलवर एकटाच असेल तर १५ वर पण मी पास करतो.

स्कोअरिंग पण बघा. टीम मॅचमध्ये व्हल्नरेबल (बोनस आणि दंड दोन्ही मोठे) असताना गेम झाला तर १० आयएमपी (टीम मॅचचे गुण) कमवता, एक हात कमी पडला तर ६ जातात, म्हणजे ३७-३८ टक्के शक्यता असली तरी जायचं. व्हल्नरेबल नसताना ६ ला ५, म्हणजे ४५ टक्के. पेअर्समध्ये (जोड्यांच्या स्पर्धेत) निम्म्यानिम्म्याची गोष्ट आहे, तिथं उगाच शूर होऊ नका.

विचार करायला वेळ कमी पडतो म्हणणाऱ्यांसाठी: उडीच्या बोलीनंतर तुमच्या उजवीकडच्यानं दहाएक सेकंद थांबायची पद्धत आहे, तेवढ्यात लूजर मोजून घ्या. आणि पार्टनरनं ३ बदाम म्हणायला मिनिटभर लावलं असेल, छताकडे बघितलं असेल, तर त्यावरून अंदाज बांधून ४ किंवा पास ठरवायचं नाही, ते नियमात बसत नाही आणि विरोधक लगेच डायरेक्टरला हाक मारतो.