छोटा स्पॉट वेल्डर वापरून घरी बॅटरी पॅक बांधताना

लिथियम-आयन सेलला पट्टी जोडण्यासाठी घरी काम करणाऱ्यापुढे बहुधा दोन मार्ग असतात: डाख देणे किंवा स्पॉट वेल्डिंग करणे. डाख देताना साधारण ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले सोल्डरिंग आयर्न काही सेकंद सेलच्या टोकावर टेकवून ठेवावे लागते आणि तेवढ्या वेळात उष्णता आत झिरपते. सेलमधील धन आणि ऋण थरांना वेगळे ठेवणारा पॉलिएथिलीनचा पातळ पडदा १३० अंशांच्या आसपास वितळू लागतो, हे लक्षात घेतले की डाख का टाळावा हे वेगळे सांगावे लागत नाही. स्पॉट वेल्डर मात्र काही शे अँपिअरचा, कधी हजारावरचा प्रवाह केवळ काही मिलिसेकंद सोडतो. त्यामुळे उष्णता पट्टी आणि सेल यांच्या सांध्यातच निर्माण होते आणि आत पोहोचण्याआधी पसरून निवते. पुढील बहुतेक खबरदाऱ्या ही उष्णता सांध्यापुरती राहावी यासाठीच आहेत.

छोट्या वेल्डरचे प्रकार मोजकेच आहेत. काहींच्या आत लिथियम-पॉलिमर बॅटरी असते, काही मोठ्या कपॅसिटरमध्ये ऊर्जा साठवतात, तर काही म्हणजे नुसता मॉसफेटचा (प्रवाह चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा) बोर्ड असतो आणि त्याला मोटारीची बॅटरी बाहेरून जोडावी लागते. कोणताही घेतला तरी त्यावरील शक्तीचा आकडा हे पक्के माप नव्हे. आतली बॅटरी उतरली, तारा तापल्या किंवा पट्टीवर टेकवायची तांब्याची टोके झिजली की त्याच आकड्यावर टाका, म्हणजे वेल्डचा सांधा, कमजोर पडतो. म्हणून दुसऱ्याने सांगितलेला आकडा तसाच लावू नये, काम पूर्ण चार्जवर सुरू करावे आणि यंत्र हाताला गरम लागू लागले की ते निवेपर्यंत थांबावे.

पट्टीची निवड अनेकजण घाईने करतात आणि पुढे पॅक तापतो तो बहुधा इथेच. शुद्ध निकेल आणि निकेलचा मुलामा दिलेले पोलाद दिसायला सारखेच असतात. चुंबकाने परीक्षा करण्याचा सल्ला निरुपयोगी आहे, कारण दोन्ही चुंबकाला चिकटतात. खात्रीची रीत अशी की पट्टीचा तुकडा कानशीने खोलवर घासून मिठाच्या पाण्यात एक-दोन दिवस बुडवून ठेवावा. घासलेल्या जागी तांबूस गंज आला तर आत पोलाद आहे. पोलादाचा रोध निकेलच्या सुमारे दुप्पट असल्यामुळे त्यात उष्णताही तेवढीच जास्त निर्माण होते, शिवाय कापलेल्या कडांपासून ते गंजत जाते. मात्र शुद्ध निकेललाही मर्यादा आहे. ८ मिमी रुंद आणि ०.१५ मिमी जाड पट्टीच्या १० सेंमी लांबीचा रोध साधारण ६ मिलिओहम भरतो. तिच्यातून ५ अँपिअर गेले तर सुमारे ०.१५ वॅट उष्णता निर्माण होते, पण २० अँपिअर गेले तर २.४ वॅट, म्हणजे प्रवाह चौपट आणि उष्णता सोळापट. जास्त प्रवाहाचा पॅक हवा असेल तर समांतर पट्ट्या वाढवाव्यात किंवा एकावर एक दुसरा थर द्यावा. छोट्या वेल्डरला न झेपणारी जाड पट्टी त्याच्याकडून जोडून घेण्याचा हट्ट धरू नये. अशा वेल्डरसाठी ०.१ ते ०.१५ मिमी जाडी योग्य असते. तांब्याची पट्टी तर सोडूनच द्यावी, कारण तिचा रोध निकेलच्या चौथ्या हिश्श्याइतकाच असल्यामुळे सांध्यात पुरेशी उष्णता निर्माण होत नाही.

सेल घेताना दोष आधी ओळखावा. आवरण फाटलेले, टोकाला गंज किंवा ओलसर डाग असलेले, दबलेले आणि २ व्होल्टच्या खाली गेलेले सेल वापरू नयेत. ते पुन्हा चार्ज होतात म्हणून निर्दोष ठरत नाहीत. उरलेले सेल एकाच जातीचे आणि एकाच वयाचे असावेत, त्यांची क्षमता मोजून जुळवून घ्यावी आणि समांतर जोडण्याआधी त्यांच्या व्होल्टेजमधला फरक ०.०५ व्होल्टपेक्षा कमी असल्याची खात्री करावी. हा फरक मोठा असेल तर जोडताक्षणी भरलेला सेल रिकाम्या सेलमध्ये बेबंद प्रवाह ओततो. शक्यतो सेल पूर्ण भरलेले नसावेत, ३.६ व्होल्टच्या आसपासचा सेल पूर्ण भरलेल्या, म्हणजे ४.२ व्होल्टच्या सेलपेक्षा अपघातात कमी भडकतो.

कामाची जागा लाकडी किंवा रबरी पृष्ठभागाची आणि हवेशीर असावी. अंगठी, घड्याळ, साखळी काढून ठेवावी आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा, कारण वितळलेल्या निकेलचा कण उडतो तो नेमका वाकून पाहणाऱ्याच्या दिशेने. जवळ वाळूची बादली आणि लांब चिमटा ठेवावा. सेलमधून फुसफुस ऐकू आली, गोडसर रासायनिक वास आला किंवा तो आपोआप तापू लागला तर त्याच्या धुरात न थांबता तो उघड्यावर नेता आला पाहिजे.

इथे सेलच्या रचनेकडे लक्ष द्यावे. १८६५० किंवा २१७०० या मापांच्या दंडगोल सेलचा संपूर्ण डबा हा ऋण टोकच असतो. वरच्या धन टोपीभोवतीची कड त्याच डब्याची असून, तिला पट्टीपासून वेगळे ठेवते ते फक्त एक पातळ प्लास्टिकचे आवरण. वेल्डिंगच्या दाबाने किंवा पट्टीच्या धारदार कोपऱ्याने ते फाटले तर सेल तिथल्या तिथे शॉर्ट होतो. म्हणून प्रत्येक धन टोकावर इन्सुलेशन कागदाची गोल चकती न चुकता चिकटवावी आणि पट्टीचे कोपरे कात्रीने गोलसर करावेत. वेल्डरचे एक टोक टोपीवर आणि दुसरे या कडेवर कधीही टेकू देऊ नये. दोन्ही टोके एकाच टोपीवर असताना सेल प्रवाहाच्या मार्गात येत नाही.

आता सराव. त्यासाठी पूर्ण उतरवलेला एखादा टाकाऊ, पण न फाटलेला सेल घ्यावा आणि ज्या पट्टीने पॅक बांधायचा तीच पट्टी वापरावी. सर्वात कमी शक्तीवर पहिला टाका घालावा आणि पट्टी पक्कडीने धरून ओढावी. ती सहज सुटून आली तर शक्ती एक पायरी वाढवून पुन्हा टाका, पुन्हा ओढ. चांगला टाका सुटत नाही, पट्टीच फाटते. तिला भोक पडते आणि निकेलचा ठिपका सेलवर चिकटून राहतो. केवळ पाहून टाक्याची परीक्षा होत नाही, कारण वरून सुबक दिसणारा ठिपका खालून मोकळा असू शकतो आणि किंचित काळवंडलेला टाका मजबूत निघू शकतो. पट्टी फाटू लागली की तिथेच थांबावे. शक्ती आणखी वाढवली तर सांधा अधिक पक्का होत नाही, फक्त सेलचा पत्रा जळण्याचा धोका वाढतो. हा धोका ऋण बाजूला जास्त असतो, कारण तिथे पातळ पत्र्याच्या लगेच मागे आतला गुंडाळा आणि ज्वलनशील इलेक्ट्रोलाइट असतो. पत्र्याला सुईएवढे भोक पडले तरी तो सेल बाद समजावा. टोपी आणि तळ यांची जाडी निराळी असल्यामुळे सरावही दोन्हीकडे स्वतंत्रपणे करावा, हा माझा आग्रह आहे.

टाका घालताना दोन्ही तांब्याची टोके एकमेकांपासून ३ ते ४ मिमी अंतरावर, उभी आणि सारख्याच दाबाने टेकवावीत. दाब कमी पडला तर टोक आणि पट्टी यांच्यातला रोध वाढतो, उष्णता खाली सांध्यात निर्माण होण्याऐवजी वरच निर्माण होते, आणि ठिणगी उडून पट्टीला भोक पडते. ठिणग्या उडू लागल्या तर शक्ती कमी करण्याआधी दाब आणि टोकांची स्वच्छता तपासावी. टोकांवर निकेल चिकटत जाते, म्हणून ती मधूनमधून बारीक पॉलिश पेपरने घासावीत. स्वयंचलित पद्धतीत दोन्ही टोके टेकताच थोड्या विलंबाने स्पंद, म्हणजे प्रवाहाचा क्षणिक झोत, सुटतो. हात स्थिर होण्यापुरता विलंब निवडावा आणि स्पंद सुटल्यावरही क्षणभर दाब सोडू नये, म्हणजे वितळलेला धातू गोठून बसतो. पायाने दाबायचे बटण असेल तर ते मला अधिक सुरक्षित वाटते. प्रत्येक टोकाला दोन ते तीन स्पंद, म्हणजे चार ते सहा ठिपके पुरेत. मधोमध चीर असलेली पट्टी मिळाली तर चिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक टोक ठेवावे; मग प्रवाहाला पट्टीतून आडवे जाण्याची वाट उरत नाही आणि तो सेलच्या पत्र्यातून जातो.

पॅक बांधताना सेल आधी होल्डरमध्ये बसवून प्रत्येकाची दिशा तपासावी, आधी समांतर गट (धनाला धन, ऋणाला ऋण) जोडावेत आणि मग ते एकसर (एकाच्या धनाला पुढच्याचे ऋण) जोडावेत. एक बाजू पूर्ण होताच ती इन्सुलेशनने झाकूनच पॅक उलटावा. दहा गटांचा एकसर पॅक भरल्यावर ४२ व्होल्टचा असतो आणि हातातून निसटलेली एक पट्टी त्यात मोठी आग लावू शकते. प्रत्येक गटाचे व्होल्टेज बीएमएसपर्यंत नेणाऱ्या बॅलन्सच्या तारांना डाख द्यायचा तो पट्टी सेलला जोडण्याआधी, बाजूला ठेवून द्यावा. नाहीतर वेल्डरने टाळलेली उष्णता अखेरीस सेलमध्ये शिरतेच.

बीएमएसचा, म्हणजे पॅकवर देखरेख ठेवून त्याचे रक्षण करणारा बोर्ड जोडताना सर्वात आधी पॅकचे ऋण टोक जोडावे आणि बॅलन्सचा कनेक्टर बोर्डात खोचण्याआधी त्याच्या एकेका पिनेवर मल्टिमीटर लावून पाहावा. ऋण टोकापासून मोजताना प्रत्येक पुढच्या पिनेवर एका सेलएवढे व्होल्टेज वाढले पाहिजे. क्रम चुकला तर बोर्ड जळतो. पहिला चार्ज कमी प्रवाहावर आणि नजरेसमोर करावा. त्यानंतर ठरलेल्या भारावर पॅक चालवून, भार काढताच प्रत्येक पट्टीच्या इन्सुलेशनवरून बोट फिरवावे. इतरांपेक्षा गरम लागणारी पट्टी म्हणजे तिथला टाका सुटलेला किंवा पट्टी अपुरी. मग पॅक आठवडाभर बाजूला ठेवून प्रत्येक गटाचे व्होल्टेज पुन्हा मोजावे. एखादाच गट इतरांपेक्षा खाली गेलेला दिसला, तर त्यात स्वतःहून उतरणारा सेल आहे असे समजून तो गट बदलल्याशिवाय पॅक वापरात आणू नये.