नर्सिंग झालं, पण पहिली नोकरी मिळेना? या चुका टाळा

कोर्स संपतो, निकाल लागतो आणि जाहिरातीत पहिलीच अट दिसते: किमान एक-दोन वर्षांचा अनुभव. नोकरीशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय नोकरी नाही, या फेऱ्यात चांगल्या तयारीची मुलंमुलीही महिनोन्‌महिने अडकतात. ही अडचण खरी आहे. तरीही नवीन उमेदवारांची निवड होत असतेच. निवड करणाऱ्या मेट्रनला (रुग्णालयातल्या परिचारिकांच्या प्रमुखाला) एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: रात्री दोन वाजता हिच्या हाती चार पेशंट दिले, तर ते सुरक्षित राहतील का? अर्ज, कागदपत्रं आणि मुलाखत या तिन्हींतून त्याचं उत्तर मिळायला हवं. बहुतेक अर्जांतून ते मिळत नाही.

आधी अडतंय कुठे ते शोधा

वीस ठिकाणी अर्ज करून एकही फोन आला नसेल, तर दोष बायोडेटात किंवा कागदपत्रांत आहे. बोलावणं येतं पण लेखी चाचणीत गाडी अडते, तर बहुधा औषधांच्या मात्रेची गणितं कच्ची आहेत. मुलाखतीनंतर नकार येत असेल, तर प्रसंगावर आधारित प्रश्नांची तयारी कमी पडतेय. तोंडी होकार मिळूनही नेमणूक लांबत असेल, तर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, लसीकरण किंवा शिफारशीच्या पत्रात काहीतरी अडकलंय. हे न तपासता तोच बायोडेटा आणखी पन्नास ठिकाणी पाठवला, तरी उत्तर तेच येणार.

‘फ्रेशर, अनुभव नाही’ असं लिहिणं

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. विद्यार्थी म्हणून तुम्ही वॉर्डात शेकडो तास काढले आहेत. ते बायोडेटातून गायब असतात आणि त्यांच्या जागी ‘मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची आवड’ असे शब्द असतात. त्यावरून मेट्रनला काहीच कळत नाही.

‘मेडिकल वॉर्डमध्ये काम केले, इंजेक्शन व ड्रेसिंग येते’ या ओळीऐवजी असं लिहा: ‘मेडिकल वॉर्ड, ३० बेड, ८ आठवडे, त्यात २ आठवडे रात्रपाळी. एका वेळी ४ पेशंटची पूर्ण देखभाल, देखरेखीखाली. मधुमेह, हृदयविकार आणि श्वसनाचे पेशंट.’ प्रत्येक पोस्टिंगची अशी एक नोंद पुरे. त्याखाली प्रक्रियांचे तीन गट करा: देखरेखीखाली स्वतः केलेल्या, मदतनीस म्हणून केलेल्या आणि फक्त पाहिलेल्या. आकडे लॉगबुकमधून मोजून घ्या, अंदाजाने टाकू नका. तिसरा गट लिहायला अनेकांना कमीपणा वाटतो. पण ‘सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत घालायची नळी): फक्त पाहिली’ असं लिहिणारी व्यक्ती स्वतःची मर्यादा ओळखते, आणि या पेशात तो मोठा गुण आहे. न केलेलं काम ‘केलंय’ म्हणून सांगितलं, तर दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

बायोडेटा दोन पानांत संपवा. नोंदणी क्रमांक पहिल्या पानावर वरच हवा. नोंदणी व्हायची असेल, तर ‘अर्ज केला आहे, अमुक तारखेची पावती सोबत जोडली आहे’ असं स्पष्ट लिहा.

कागदपत्रं ऐनवेळी गोळा करणं

नावातला फरक हा नेहमीचा अडथळा. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, पदवीवर दुसरं, लग्नानंतरच्या ओळखपत्रावर तिसरं. नोंदणीचा अर्ज इथेच परत येतो आणि दुरुस्तीत आठवडे जातात. निकालाची वाट न बघता सगळी कागदपत्रं एकदा शेजारी ठेवून अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहा.

हिपॅटायटीस-बी लसीचा नेहमीचा क्रम ०, १ आणि ६ महिने असा तीन डोसांचा आहे. म्हणजे आज सुरुवात केली, तर पूर्ण व्हायला सहा महिने लागतील. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची तपासणी करतात. १० किंवा त्याहून जास्त आकडा आला की संरक्षण मिळालं असं धरतात. विद्यार्थिदशेत डोस घेतले असतील, तर तारखांसह दाखला मागून घ्या. नसतील, तर पहिला डोस घेऊन त्याची नोंद अर्जाला जोडा.

बीएलएस, म्हणजे हृदय किंवा श्वास थांबल्यावर करायच्या प्राथमिक उपचारांचं प्रशिक्षण, पुतळ्यावर हाताने सराव करूनच घ्या. नुसतं ऑनलाईन प्रमाणपत्र अनेक ठिकाणी चालत नाही. कार्डाची मुदत साधारण दोन वर्षांची असते, ती तारीख पाहून ठेवा. शिफारशीसाठी ज्या शिक्षिकेचं किंवा वॉर्ड इन्चार्जचं नाव देणार, त्यांना आधी विचारा. अचानक फोन आला आणि त्यांना तुमचा चेहराही आठवला नाही, तर ती शिफारस उलटते.

गणित ‘वॉर्डात गेल्यावर जमेल’ म्हणून सोडून देणं

लेखी चाचणीत बाकी सगळं बरोबर असूनही मात्रेचं एक उत्तर चुकलं, तर अनेक ठिकाणी तिथेच नाव कापतात, आणि ते योग्यच आहे. सलाईनचं साधं उदाहरण घ्या. ५०० मिली ४ तासांत द्यायचंय, सेट (सलाईनची नळी) १ मिलीला २० थेंबांचा. ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे ४१.७, म्हणून मिनिटाला ४२ थेंब. इथे दोन चुका ठरलेल्या. एक म्हणजे तासांची मिनिटं न करणं; मग उत्तर २५०० येतं आणि घाईत तेच लिहिलं जातं. दुसरी, सेटच्या पाकिटावरचा आकडा न वाचणं. मायक्रो सेट १ मिलीला ६० थेंबांचा असतो, त्यामुळे तिथे तासाला जितके मिली, तितकेच मिनिटाला थेंब.

इन्सुलिनचा प्रश्न तर मुलाखतीत हमखास येतो. वायल (औषधाची कुपी) १०० युनिट प्रति मिलीची आहे आणि हातात ४० युनिट प्रति मिलीच्या खुणांची सिरिंज आहे. त्या सिरिंजवर १० च्या खुणेपर्यंत औषध भरलं, तर ते पाव मिली होतं, म्हणजे पेशंटला १० ऐवजी २५ युनिट जातात. अडीचपट डोस. ‘हिशोब करून कमी भरेन’ हे उत्तर अपेक्षित नाही. ‘१०० युनिट प्रति मिलीची सिरिंज मागवेन, मिळेपर्यंत देणार नाही आणि इन्चार्जला कळवेन’ हे अपेक्षित आहे. पोटॅशियम क्लोराईडचंही तसंच: ते विरळ न करता थेट शिरेतून कधीच देत नाहीत. हा प्रश्न विचारताना समोरची व्यक्ती उत्तराइतकीच तुमची ठाम नजरही बघत असते.

रोज दहा गणितं, कॅल्क्युलेटरशिवाय, तीन आठवडे केली की हात बसतो.

प्रसंग विचारला की पाठ केलेली व्याख्या म्हणणं

‘ऑपरेशन झालेल्या पेशंटचं बीपी उतरतंय, काय कराल?’ यावर शॉकचे प्रकार सांगत बसू नका. क्रमाने बोला: पेशंटजवळ जाईन, हाक मारेन, श्वास, नाडी, ड्रेसिंग आणि ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी) पाहीन, मदतीला बोलावेन, डॉक्टरांना कळवेन, नोंद करेन. डॉक्टरांना कसं कळवाल, हेही बोलून दाखवा. परिस्थिती, पार्श्वभूमी, निरीक्षण आणि मागणी, या चार पायऱ्या एसबीएआर नावाने जगभर शिकवल्या जातात:

‘सर, सर्जिकल वॉर्डमधून सिस्टर बोलतेय. बेड ७ च्या पेशंटचं बीपी ९०/५६ झालंय, नाडी ११८. काल पोटाचं ऑपरेशन झालंय, वय ५८. ड्रेसिंग रक्ताने भिजलंय, हातपाय गार पडलेत, मला रक्तस्राव वाटतोय. तुम्ही लगेच यावं. तोवर सलाईनचा वेग वाढवू का?’

हे वीस सेकंदांत होतं. आरशासमोर नको, मैत्रिणीसमोर मोठ्याने सराव करा. वाचताना सोपं वाटणारं तोंडाने बोलताना अडखळतं. रक्त चढवताना थंडी वाजून ताप आला, तर काय कराल, याचीही अशीच तयारी ठेवा: आधी रक्त थांबवायचं, नव्या सेटने नॉर्मल सलाईन चालू ठेवायचं, डॉक्टरांना कळवायचं, पेशंट आणि पिशवीवरची माहिती पुन्हा ताडायची आणि पिशवी न फेकता रक्तपेढीकडे पाठवायची.

फक्त मोठी रुग्णालयं आणि फक्त आयसीयू

पहिल्या वर्षासाठी जनरल मेडिकल किंवा सर्जिकल वॉर्डइतकी चांगली जागा नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. तऱ्हेतऱ्हेचे पेशंट, औषधं, डिस्चार्ज, नातेवाईक, सगळं तिथे शिकायला मिळतं आणि पुढे आयसीयूचा दरवाजाही त्यातूनच उघडतो. मध्यम आकाराची रुग्णालयं, वृद्धसेवा केंद्रं, पुनर्वसन केंद्रं इथेही अर्ज करा. डायलिसिस युनिट नवख्यांना घेतं, काम शिस्तीचं असतं. पण तिथे दोन-तीन वर्षं गेली, तर बाकीची कौशल्यं गंजतात, हे मनात ठेवूनच जा. एकट्याने घरी जाऊन पेशंट सांभाळण्याचं काम मात्र अगदी नव्या व्यक्तीने घेऊ नये. अडचण आली, तर विचारायला तिथे कुणीच नसतं.

मिळाली म्हणून डोळे मिटून हो म्हणणं

बरेच महिने घरी बसल्यावर होणारी घाई आम्हाला समजते. तरीही सही करण्याआधी हे विचारा: वॉर्डात कुणासोबत किती आठवडे शिकायला मिळेल? एका पाळीत किती पेशंट? पहिली एकट्याची रात्रपाळी कधी? पहिल्या आठवड्यातच एकटीवर रात्र टाकणारं ठिकाण तुमच्या नोंदणीलाही धोकादायक आहे, कारण चूक झाली, तर सही तुमची असते. बाँड असेल, तर मुदत, सोडताना भरायची रक्कम आणि प्रशिक्षणाचा खर्च कोण करणार, हे लेखी घ्या. नोकरी लावून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या एजंटला नकार द्या. मूळ प्रमाणपत्रं पडताळणीसाठी दाखवा आणि त्याच दिवशी परत घ्या. ठेवून घेण्याचा आग्रह असेल, तर साक्षांकित प्रती द्या आणि त्यांची पोच घ्या.